मालकांचा पाटा

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला तेव्हाही नीट कळत नव्हतं, आता तर विचारायलाच नको. अक्षरही वाईट आहे. ओळ सरळ सुरू होते आणि कडेला जाईपर्यंत उताराला लागते. हे कुणी वाचावं अशी माझी इच्छा नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात आणि शाईच्या डागांकडे पाहू नये.

लिहायला बसले त्याला कारण झालं. परवा एका लग्नाच्या पंगतीत एक गृहस्थ आमच्या लोणावळ्याच्या जुन्या घरमालकांची आठवण सांगत होते. म्हणाले, काय रसिक माणूस! लोक टांग्यातून हिंडत होते तेव्हा त्यांनी स्पोर्ट्स गाडी ठेवली होती. शिवाय मनानं मोठे, गरीब भाडेकरूंना भाडं माफ करायचे. समोरच्या चौघांनी माना हलवल्या. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली. पण तो घोट काही खाली उतरला नाही. तोंडानं जमलं नाही ते कागदावर तरी सांगावं.

मालक रसिक नव्हते. हट्टी होते, आणि उधळे होते, तेही दुसऱ्याच्या जिवावर.

पुढचं घर त्यांचं, मागच्या अंगाला तीन खोल्या भाड्याच्या. गोठ्याला लागून होती ती आमची. आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मालकांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू. काकू म्हणजे त्यांची बायको, अंगानं भरलेली, बोलायला मोजकी. औंढ्याला त्यांची वडिलांच्या वेळची भातखाचरं होती. त्यातलं चांगलं, ओढ्याकाठचं खाचर विकून मालकांनी ती गाडी आणली. मुंबईच्या कुणा बंगलेवाल्यानं दोन उन्हाळे घाटात वापरून मग ती विकायला काढली होती. त्यानं ती का विकली असेल, हा प्रश्न मला पडला. मालक मॅट्रिक झालेले होते, त्यांना पडला नाही.

गाडी बाटलीसारखी हिरवी, लांब नाकाची, आणि इतकी बुटकी की काकूंना बसवायला एक माणूस लागे आणि उठवायला दोन. जागा दोघांचीच. ती ठेवायची म्हणून गाय गोठ्यातून निघाली आणि फणसाखाली बांधली गेली. पावसाळ्यात गाडीच्या वर पत्रे, पत्र्यांच्या आत इरली, इरल्यांच्या खाली घोंगडी. गाय भिजत होती. काकूंनी एकदा दूध आटल्याचं सांगितलं तर म्हणाले, दूध विकत मिळतं, अशी गाडी मिळत नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतरच गाडीच्या कमानी गेल्या. टांग्याला असतात तशाच कमानी असतात, लोखंडाच्या पट्ट्या एकीवर एक रचून आवळलेल्या. रस्त्याचा दणका त्यांनी खायचा आणि बसणाऱ्याला लागू द्यायचा नाही. मालकांच्या गाडीत दणका बसणाराच खाई. पण ते कधी कमान म्हणत नसत. "सस्पेन्शन" म्हणत. भाड्याची पावती देताना सस्पेन्शन, संध्याकाळी ओट्यावर सस्पेन्शन. "ज्याला सस्पेन्शन कळलं त्याला गाडी कळली," असं माझ्या सात वर्षांच्या मुलीला सांगत. ती घरात येऊन मला विचारी, आई, सस्पेन्शन म्हणजे मालकांचा देव का?

त्यांचा दुसरा शब्द "किरकोळ". दुरुस्ती कितीचीही असो, ती किरकोळच. खडकीहून एक मिस्त्री येई. त्याचं जाण्यायेण्याचं तिकीट, त्याचं जेवण, जेवणात अंडी, म्हणून ते बाहेरून, त्याच्या विड्या, आणि वर त्याचे पैसे. तो चाकांवर चारदा हातोडी वाजवी, कान लावी आणि सांगे की साहेब, कमान बसलीये. एवढं आम्हांला आमच्या दारातूनही दिसत होतं, गाडी एका अंगानं कललेलीच असे. मिस्त्री गेल्यावर काकू विचारत, किती झाले? मालक म्हणत, किरकोळ. मग त्या महिन्यात गवळ्याचे पैसे राहत.

कमानींना गंज चढू नये म्हणून मालकांनी चांभाराकडून चारही कमानींना चामड्याच्या पिशव्या शिवून घेतल्या, आत चरबी भरलेल्या. सुरेख शिवल्या होत्या, खोटं कशाला सांगू. त्या वेळी काकूंच्या वहाणेचा अंगठा तुटलेला होता आणि त्या सुतळी बांधून वापरत होत्या. चांभार त्यांच्या पायाकडे बघून म्हणाला, बाईसाहेब, वहाण द्या, टाका मारतो, पैसे नकोत. मालक तिथंच उभे होते. त्यांना ते ऐकू आलं नाही. गाडीबद्दल नसलेलं त्यांना सहसा ऐकू येत नसे.

लोहाराला ते गाडीला हात लावू देत नसत, हा बैलगाड्यांचा लोहार म्हणून. मिस्त्रीवर पैसे फार गेले तेव्हा मात्र गुपचूप त्याच्याचकडून एक पट्टी बनवून घेतली. त्या बिचाऱ्यानं बैलगाडीला पेलेल अशी जाडजूड करून दिली. मग भुशीच्या रस्त्यावर गाडी बोकडासारखी उड्या मारायला लागली. मालकांची टोपी एका खड्ड्यात पडली, चष्मा पुढच्या खड्ड्यात. लोक हसले तर म्हणाले, "गाडीत दोष नाही. दोष रस्त्यात आहे." रस्ता त्याच जागी किती वर्षं होता, आणि त्यावरून सगळं लोणावळं जात होतं. पण मालकांचं तसंच. त्यांच्या लग्नाबद्दलही ते म्हणायचे की दोष पत्रिकेत नव्हता.

गाडी उजवीकडे कले, कारण मालक स्वतः उजवीकडे बसत आणि ते वजनदार होते. तेव्हा त्यांनी हिशेब काढला की डावीकडे आपल्याएवढंच वजन हवं. झालं. मालधक्क्यावर माल तोलायचा काटा होता, त्यावर ते ओळखीच्या माणसांना उभं करू लागले. कुणी फिरायला नेता का म्हणालं की आधी काट्यावर चल. आमच्या ह्यांना एकदाच नेलं. हे अंगानं काडी. मांडीवर अर्धं पोतं तांदूळ देऊन बसवलं होतं. गावातून तसे गेले आणि तसेच आले. घरी येऊन पाय चोळत म्हणाले, "पुढच्या वेळी तांदळालाच न्या म्हणावं."

शेवटी मालकांना मापाचं वजन सापडलं. न्हाणीजवळ आमचा सगळ्यांचा जुना पाटा पडलेला असे, कोपरा उडालेला. आम्ही बायका त्यावर धुणं आपटत असू. तो त्यांनी उचलून गाडीत डावीकडे पायांशी ठेवला. गाडी सरळ झाली. ते इतके खूष झाले की सगळ्यांना बोलावून दाखवलं. आमचं धुणं कशावर आपटायचं हे मी विचारणार होते, पण धुण्याची बादली उचलून घरी आले.

इथं माझं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी हातानं पोलकी, परकर, झबली शिवायची. दिवसभर डोळे मोडून हाती यायचं ते मिठामिरचीचं. यंत्र असतं तर तेवढ्याच वेळात चौपट काम झालं असतं. पुण्याच्या एका शिंप्याकडे वापरलेलं शिवणयंत्र साठ रुपयांना होतं आणि दसऱ्यापर्यंत ठेवतो असं त्यानं ह्यांना सांगितलं होतं. आमच्या आळीत बायकांची भिशी होती. काकूंच्या घरी जमायचो, चिठ्ठ्या त्याच काढायच्या. त्या वर्षी आषाढात माझी चिठ्ठी निघाली. साठ रुपये. एवढे पैसे मी एकत्र कधी धरले नव्हते. माझ्या घरात पैसा टिकत नसे. दिराची फी निघे, नणंदेचं बाळंतपण निघे, आणि मला नाही म्हणता येत नसे. म्हणून मी ते काकूंच्याच डब्यात राहू दिले. त्यांनी माझ्या देखत फडक्यात बांधून डबा देवामागच्या कोनाड्यात ठेवला. म्हणाल्या, "यंत्र येईल तेव्हा मला पहिलं पोलकं शिव."

भाद्रपदात, गौरी आल्या त्याच दिवशी, मालक पुण्याला निघाले. घरात गौरी आणि मालक रस्त्यावर, यात नवीन काही नव्हतं. दुपारी औंढ्याचा एक शेतकरी दारात आला. मालकांचं खाचर घेतलेला तोच. तो बैल बघायला पुण्याच्या बाजूला गेला होता आणि घोरावाडीच्या स्टेशनाजवळ त्याला मालक भेटले होते. काकू ओट्यावर आल्या, मी त्यांच्या मागे पुरणाची डाळ निवडत होते.

"मालकांनी सांगावा धाडलाय मावशी," तो म्हणाला. "पाटा मोडलाय. घरात दुसरा हाय, नवा, त्यो लगोलग धाडून द्या म्हनले. गाडी तितंच हुबी हाय."

"नवाच धाडायचा?" काकूंनी विचारलं.

"व्हय. जुना पार तुटलाय. लय तापलेत. आदी कायतरी विंग्रजीत म्हनले, पिरंग का काय, त्ये मला कळंना. मग म्या इचारलं, पाटा का? तर म्हनले व्हय रं बाबा, पाटाच."

टांगेवाले, गाडीवाले कमानीला पाटा म्हणतात हे आम्हां दोघींना कुठं ठाऊक? मालक जन्मभर सस्पेन्शन नि स्प्रिंग म्हणत राहिले. आम्हांला ठाऊक होता तो गाडीतला पाटा, वजनाचा. तो खड्ड्यात आपटून फुटला असणार. आणि घरात नवा पाटा होताच. गौरीसाठी म्हणून काकूंनी आठ दिवसांपूर्वीच घेतला होता आणि वडारणीकडून टाकी मारून चांगला खरखरीत करून घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर पुरण वाटायचं होतं. काकूंनी तो ओढत ओट्यावर आणला. मग म्हणाल्या, "न्या बाई. त्यांच्या गाडीपुढं माझं पुरण काय."

हमालाच्या डोक्यावर पाटा स्टेशनात गेला. आमच्या ह्यांनी गार्डाला विनवून तो त्याच्या डब्यात चढवला. वजन कमी पडायला नको म्हणून काकूंनी वरवंटाही बरोबर दिला होता.

मालक घोरावाडीच्या फलाटावर वाट बघत उभे होते. गार्डानं त्यांच्या हाती प्रथम वरवंटा दिला, असं नंतर कळलं.

दिवेलागणीच्या आगगाडीनं ते परतले. आपली गाडी तिकडेच सोडून आले होते. मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर पाटा. अंगणात मी, काकू, शेजारच्या खोलीतली बाई, आम्ही गौरीच्या ओवाळणीची तयारी करत होतो. मालकांनी हमालाला पाटा दाणकन टाकायला लावला. एरवी ते ओरडत नसत, दुसऱ्याला ओरडायला लावत. त्या दिवशी स्वतः ओरडले.

"गव्हाणीमागं साठ रुपयांचा पाटा पडलाय. नवाकोरा, मुंबईहून मागवलेला. आणि तुम्ही मला मसाला वाटायचा पाटा पाठवता? स्टेशनमास्तर हसला मला!"

काकूंनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं. "साठ रुपये कुठून आणलेत?" त्यांनी विचारलं.

मालक टोपी काढून तिच्या आत बघत म्हणाले, "किरकोळ रक्कम आहे. दसऱ्याला ठेवूनच देणार होतो."

काकू आत गेल्या. कोनाड्यातला डबा काढल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा फडकं त्यांच्या हातात होतं, माझं तेच फडकं, त्याच गाठीचं. त्यांनी ते ओट्यावर सोडलं. आत गाडीचे गंजके नट होते. उचलून पाहिलं तर हाताला पैशाइतकंच जड लागावं म्हणून घातलेले. वजन जुळवायची मालकांना सवयच होती.

मला वाटतं मी डाळीचं सूप उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याच पाट्यावर पुरण वाटलं आणि माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही. साठ रुपयांपेक्षा त्यांची लाजच मला जास्त लागली. आळीतल्या बायका पुढच्या महिन्यात भिशीचे पैसे शेजारच्या बाईकडे देऊ लागल्या. काकूंना कुणी काही म्हणालं नाही. बोलावणंही आलं नाही.

आता त्या नव्या पाट्याचं ऐका. मालक तो दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या मुहूर्तावर बसवणार होते, म्हणून लपवून ठेवला होता. खडकीचा मिस्त्री घोरावाडीला गेला, गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, साहेब, हा दुसऱ्या गाडीचा आहे, दोन बोटं लांब. परत घ्यायला मुंबईचा दुकानदार तयार नव्हता. जुनाच जोडून, तारेनं आवळून, गाडी दोन बैल लावून तळेगावापर्यंत आणि तिथून कशीबशी घरी आली. साठ रुपयांचं लोखंड गव्हाणीमागं परत गेलं. काकू त्यावर ओली फडकी वाळत घालू लागल्या.

मालकांनी मला दसऱ्याचा वायदा केला, मग दिवाळीचा, मग संक्रांतीचा. म्हणजे मला नाही, ह्यांना. हे सज्जन, घरमालकाशी वाकडं नको म्हणत. पुण्याच्या शिंप्यानं यंत्र दुसऱ्याला देऊन टाकलं. मी त्या हिवाळ्यात कंदिलापाशी एवढं शिवलं की बोटांची पेरं उलली. मुलीनं एकदा विचारलं, आई, आपलं यंत्र मालकांच्या गाडीत बसवलंय का? पोरीला काय सांगायचं? तिचं खरंच होतं.

भाडं महिन्याला पाच रुपये. ते पहिल्या तारखेला मालक स्वतः मागायला येत, दारात उभं राहून खाकरत. माघात आलेल्या पहिल्या तारखेला हे कामावर जाताना पाच रुपये माझ्या हाती देऊन गेले. मी ते घेऊन मागच्या दारानं काकूंकडे गेले. त्या चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, डबा द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि दिला. मी त्यात पाच रुपये टाकले, झाकण लावलं आणि घरी आले. 

थोड्या वेळानं दारात खाकरणं झालं. मी दाराआडच होते.

"भाडं?" मालक म्हणाले.

"दिलं," मी म्हटलं.

"कुणाला दिलं?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

"ज्यातनं पाटा आला त्यात."

शेजारच्या खोलीत भांडं घासायचा आवाज चालू होता तो थांबला. मालक म्हणाले, "महिनाअखेर खोली खाली करा." आणि वळले. लोणावळ्यात हवा खायला येणाऱ्यांमुळे खोल्या महाग, ह्यांच्या पगारात दुसरी मिळणं कठीण, आणि हे काही माझ्या बाजूनं भांडणारे नव्हते.

काकू त्यांच्या मागच्या दारात उभ्या होत्या. हात राखेचे होते. आवाज चढवला नाही, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या खोलीतनं कुणी जायचं नाही. त्या गेल्या तर त्यांच्यामागं मीही निघेन. मग उचलत बसा तुमचा पाटा." आणि आत गेल्या.

मालक गोठ्यात जाऊन बसले. महिनाअखेर आली आणि गेली, खोलीचा विषय निघाला नाही.

पुढं वर्षभर पहिली तारीख आली की ते आमच्या दारावरून न खाकरता जात. बाहेर मात्र सांगत फिरले की मागच्या भाडेकरूंची परिस्थिती बेताची, म्हणून मी भाडं सोडलंय. पंगतीतल्या त्या गृहस्थांपर्यंत जे औदार्य पोहोचलं ते हे. गाडीचं चालूच होतं. त्या वर्षात मागची कमान दोनदा मोडली आणि औंढ्याचं दुसरं खाचर गेलं. तेही त्याच शेतकऱ्यानं घेतलं. कागद करायला आला तेव्हा काकूंना म्हणाला, "मावशी, अजून एक कमान मोडली तर मी बागायतदार व्हतो बगा." काकू हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं.

आळीतल्या बायका हळूहळू परत त्यांच्या ओट्यावर बसू लागल्या होत्या. दर महिन्याला मी डब्यात पैसे टाकते हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटचे पाच रुपये पडले त्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. एरवी आत बोलावत, त्या दिवशी ओट्यावर बोलावलं. खाली फडकं अंथरलं होतं. त्यांनी डबा उघडला आणि एकेक रुपया वाजवून फडक्यावर ठेवायला सुरुवात केली. मोजताना आकडा तोंडानं म्हणत होत्या, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं. समोर गोठ्याचं दार सताड उघडं होतं. गाडीखालून मालकांचे दोन पाय बाहेर आले होते, तळवे आमच्याकडे. आतला हातोडीचा आवाज वीस-बाविसाला थांबला. चाळिसाला डावा पाय जरा हलला. काकूंनी मोजणं थांबवलं, पायाकडे पाहिलं, आणि पुन्हा एकेचाळीस म्हटलं.

साठ झाल्यावर त्यांनी डबा उपडा धरून दाखवला. मला नाही, गोठ्याकडे तोंड करून. मग फडक्याची चारही टोकं एकत्र करून गाठ मारली आणि ती माझ्या ओटीत टाकली. म्हणाल्या, "घे. पुरे झाले."

मी घरी जाऊन पुन्हा एकदा मोजले. पुरे होते.